दार नसलेलं घर : लॉस एंजेलिसच्या प्यूमांचं प्रकरण

फेब्रुवारी २००९. दक्षिण कॅलिफोर्नियात मांजरकुळातल्या एका तरुण नर प्यूमाने १०१ क्रमांकाचा फ्रीवे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडला. आठ ते दहा पदरी रस्ता, दिवसाला तीन लाखांवर गाड्या. ओलांडताना त्याला कुणी पाहिलं नाही. गळ्यातल्या कॉलरने आधी रस्त्याच्या अलीकडची जागा कळवली, मग पलीकडची, एवढाच पुरावा. त्याचा क्रमांक पी-१२.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०१२मध्ये, दुसरा एक तरुण नर थेट लॉस एंजेलिस शहराच्या पोटात, ग्रिफिथ पार्कमध्ये, कॅमेरा ट्रॅपवर दिसला. तो पी-२२. हॉलिवूडच्या पाटीखालून रात्री चालत जाणाऱ्या प्यूमाचं स्टीव्ह विंटर यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर फिरलं, तो हाच. त्याच्या चित्रांनी भिंती रंगल्या, टी-शर्ट निघाले, आणि तो गेल्यावर स्मरणसभेला हजारो माणसं जमली. पी-१२ मात्र अभ्यासक सोडले तर फारसा कुणाला ठाऊक नाही.

दोघांनी केलं एकच: जिवावर उदार होऊन रस्ता ओलांडला. पण पी-१२ रस्ता ओलांडून आला म्हणून तिथल्या प्यूमांच्या रक्तात काही नवं आलं. पी-२२ ओलांडून गेला आणि दहा वर्षं एकटाच राहिला. माणसाच्या वस्तीमुळे वन्यप्राण्यांचं नेमकं काय बिघडतं, हे मला जंगलाच्या घटत्या क्षेत्रफळापेक्षा या दोन नरांमधल्या फरकात जास्त स्पष्ट दिसतं.

चार भिंती

प्यूमालाच माउंटन लायन किंवा कूगर म्हणतात. नावात सिंह आहे खरा, पण आयाळ नाही, कळप नाही आणि डरकाळीही फोडता येत नाही. एकटं राहायचं, आडोशाला दबा धरायचा आणि मुख्यतः हरणावर जगायचं. प्रौढ नराला चारशे-पाचशे चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो, आणि त्या मुलखात तो दुसरा नर खपवून घेत नाही. दीडेक वर्षाचं झालं की पिल्लू आईपासून सुटतं. माद्या बऱ्याचदा आसपासच हद्द मांडतात. नर पिल्लांना निघावंच लागतं. जो रेंगाळतो त्याला जुना नर मारतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण बाप-लेकी, भाऊ-बहीण यांच्यात वीण होऊ नये याची ही सोय आहे. मुलगा लांब जातो आणि इथे येणारा नवा नर कुठून तरी लांबून येतो.

आता ही सोय सांता मोनिका पर्वतरांगेत ठेवून पाहू. दक्षिणेला प्रशांत महासागर. उत्तरेला १०१ फ्रीवे. पूर्वेला ४०५ फ्रीवे आणि त्यामागे शहर. पश्चिमेला शेतं आणि गावं. मधल्या डोंगरात झुडपी रान, दऱ्या, ओक आणि भरपूर हरणं. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने २००२मध्ये इथे अभ्यास सुरू केला आणि पहिल्या नराला कॉलर घातली, तो पी-१. ‘पी’ प्यूमाचा, आकडा क्रमाचा. पुढे शंभरावर प्यूमांना असे क्रमांक मिळाले. पण एका वेळी या रांगेत असतात दहा ते पंधरा, आणि त्यांत प्रौढ नर जेमतेम एक-दोन.

अभ्यासातून जे निघालं ते अपेक्षेच्या उलट होतं. हे प्यूमा उपाशी नव्हते. प्रौढ बऱ्यापैकी जगत होते, माद्या नेमाने वीत होत्या. जंगल मोजा, भक्ष्य मोजा, प्यूमा मोजा. प्रत्येक रकान्यात आकडा ठीकच यायचा. नडत होतं ते या रकान्यांत न बसणारं: वयात आलेल्या नराला घराबाहेर पडायला दार नव्हतं.

दार बंद असलं की

कॉलरच्या नोंदी नकाशावर टाकल्या की ठिपके फ्रीवेच्या कडेपर्यंत येतात आणि वळतात. पुन्हा येतात, पुन्हा वळतात. मागे फिरलेला तरुण नर जातो कुठे, तर बापाच्याच मुलखात. पी-१ने आपली जोडीदारीण पी-२ हिला मारलं, स्वतःच्या पिल्लांनाही सोडलं नाही. प्यूमा एकमेकांना सगळीकडेच मारतात, त्यामुळे याला विकृती म्हणण्यात अर्थ नाही. पण मोकळ्या मुलखात पळून जाता येतं. इथे पळणाऱ्यापुढे एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे ट्रक.

रस्ता कसा अडवतो याची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. १०१च्या दोन्ही अंगांच्या कोयोटी आणि बॉबकॅट या मध्यम आकाराच्या शिकारी प्राण्यांवर सेथ रायली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्राणी रस्ता ओलांडत होते. तरी दोन बाजूंच्या जनुकांची सरमिसळ त्या मानाने फारच कमी होती. कारण रस्त्याच्या कडेला प्राण्यांच्या हद्दी एकावर एक रचल्यासारख्या झालेल्या. पुढे जाता येत नाही म्हणून सगळ्यांच्या हद्दी तिथेच येऊन थांबतात. मरणाच्या दाढेतून पार पडलेला पाहुणा पलीकडे उतरतो तो थेट गच्च भरलेल्या मुलखात. त्याला ना जागा मिळते, ना जोडीदार. म्हणजे डांबराची भिंत एक, आणि तिच्यामुळे उभी राहिलेली प्राण्यांचीच दुसरी. मला हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो. ‘इतके प्राणी ओलांडून गेले’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला तो जागेवर आणतो. ओलांडणं आणि वंश वाढवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पी-१२ला दोन्ही साधलं. तो आला, त्याने मुलूख धरला आणि त्याची वीण रांगेत पसरली. आधी न सापडलेली जनुकं पिल्लांत दिसू लागली. काही काळ वाटलं, सुटलो. पण त्याच्यामागून दुसरा कुणी येईना. पी-१२ची मुलगी पी-१९ वयात आली तेव्हा तिथे होता तो तिचा बापच. त्या जोडीला पिल्लं झाली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

बाप-लेकीच्या अशा वीणींतली एक तीन भावंडांची, पी-३२, पी-३३ आणि पी-३४. २०१५ साली या तिघांचं जे झालं त्यात अख्खं प्रकरण मावतं. बहीण पी-३३ने १०१ ओलांडला आणि ती उत्तरेला गेली. भाऊ पी-३२ने तेच केलं. सांता मोनिकातून उत्तरेला निसटलेला अभ्यासातला तो पहिला नर. त्याने १०१ पार केला, पुढचे आणखी रस्ते पार केले, आणि ऑगस्टमध्ये आय-५ फ्रीवेवर गाडीखाली गेला. वय दोन वर्षांच्या आत. तिसरी पी-३४ घराजवळच राहिली. सप्टेंबरमध्ये ती मेलेली सापडली. अंगावर जखम नव्हती. पोटात रक्तस्राव होता, उंदीर मारायच्या औषधाने झालेला.

उंदरावरून प्यूमापर्यंत

हे औषध खाल्लं की रक्त गोठायची क्रिया बंद पडते, कारण शरीराला जीवनसत्त्व ‘के’ पुन्हा वापरता येत नाही. उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावतो, उजेडात हिंडतो, आणि नेमका त्याच अवस्थेत कोयोटीच्या तोंडी लागतो. त्या कोयोटीला प्यूमा खातो. औषधाच्या नव्या पिढीतली रसायनं यकृतात महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे प्रत्येक घासागणिक भर पडत जाते. इथल्या तपासलेल्या जवळजवळ सगळ्या प्यूमांच्या शरीरात ही रसायनं मिळाली. बहुतेक त्यांनी मेले नाहीत, हे खरं. पण बॉबकॅटमध्ये ही विषबाधा आणि लूत हातात हात घालून येताना दिसली होती, आणि २०१४मध्ये खुद्द पी-२२ लूत लागून, केस झडून, ओळखू न येण्याइतका खराब झाला. रक्तात तेच औषध होतं. त्याला पकडून जीवनसत्त्व ‘के’ दिलं, तो सावरला.

त्याच्या आजारी चेहऱ्याचा फोटो मात्र हजार अहवालांना भारी पडला. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाने दुसऱ्या पिढीच्या या औषधांच्या बहुतेक वापरावर बंदी आणणारा कायदा केला. पी-२२ने वंश वाढवला नाही, पण त्याचं श्रेय द्यायचं तर इथे द्यावं.

वेळ बदलली, चाल बदलली

मेलेला प्राणी मोजता येतो. जिवंत प्राण्याचं वागणं बदलतं ते मोजायला जास्त कष्ट पडतात. २०१८मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत जगभरातल्या ६२ सस्तन प्रजातींचा एकत्र आढावा आला होता: माणसाचा वावर असेल तिथे प्राण्यांचं रात्री वावरण्याचं प्रमाण सरासरी १.३६ पटीने वाढतं. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या प्यूमांतही हेच दिसलं. पायवाटांवर चालणारे, पळणारे, सायकलवाले जिथे जास्त, तिथले प्यूमा जास्त निशाचर. दिवसातून हजारोंची वर्दळ असलेल्या पार्कातला पी-२२ या बाबतीत अगदी वरच्या ओळीत होता. लाखो लोकांच्या शेजारी दहा वर्षं राहून तो इतका क्वचित दिसला याचं इंगित हेच. त्याने माणसांबरोबर दिवस वाटून घेतला होता, रात्र त्याची.

या तडजोडीची किंमत वेगळीकडे चुकती होते. कॅलिफोर्नियातच, उत्तरेकडच्या सांता क्रूझ डोंगरात, संशोधकांनी प्यूमाच्या शिकारीजवळ लाउडस्पीकर ठेवले. बेडकांचा आवाज लावला तर प्यूमा खात राहायचे. माणसांचं साधं बोलणं लावलं की बहुतेक वेळा पळायचे, आणि परतले तरी आधीच्या मानाने फार थोडा वेळ खायचे. अर्धवट सोडलेल्या हरणाची भरपाई नव्या हरणाने होते: त्याच भागात दाट वस्तीजवळच्या माद्या ३६ टक्के जास्त हरणं मारत होत्या. म्हणजे माणसाच्या नुसत्या आवाजाने शिकार वाढते आणि मादीचे कष्टही वाढतात. वस्तीजवळ हरणं जास्त मरताना पाहून ‘प्यूमा वाढले’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो पार उलटा पडेल.

नोव्हेंबर २०१८च्या वूल्झी वणव्यात जवळपास ९७ हजार एकर जळालं. जळक्या उघड्या जमिनीवर दबा धरता येत नाही, म्हणून कॉलरवाले प्यूमा तिकडे फिरकेनात. आता ते वस्तीत घुसतील, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. माणसाला टाळणं त्यांनी सोडलं नाही. त्याऐवजी दुसरे धोके पत्करले. रस्ते ओलांडण्याचं प्रमाण महिन्याला सरासरी तीनवरून पाचवर गेलं. १०१ ओलांडला जायचा दोन वर्षांतून एकदा, तो चार महिन्यांतून एकदा ओलांडला जाऊ लागला. माणसासमोर यायचं की गाड्यांसमोर, यात त्यांनी गाड्या निवडल्या.

याच वणव्यात पी-६४ गेला. हा नर फ्रीवेखालच्या लांब, अंधाऱ्या मोरीतून ये-जा करायला शिकला होता. १०१ आणि ११८ हे दोन्ही रस्ते मिळून त्याने चाळीसेक वेळा पार केले होते. वणव्यानंतर काही आठवड्यांनी तो मेलेला सापडला, पंजे भाजलेले. दोन्ही बाजूंना खरोखर ये-जा करणारा एकच नर, आणि तोही गेला.

पी-२२चं बेट

पी-२२चा बाप पी-१, असं जनुकांवरून ठरलं. म्हणजे तो सांता मोनिकात जन्मला, पूर्वेला निघाला, ४०५ आणि १०१ दोन्ही ओलांडून सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या उद्यानात पोहोचला. पुढे त्याची हद्द जेमतेम वीस-बावीस चौरस किलोमीटरची राहिली. इतर नरांच्या तुलनेत एक खोली. हरणं होती, प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून तो टिकला. मादीही नव्हती. परत फिरायचं तर तेच दोन फ्रीवे.

लोकांना तो प्रतिकूल परिस्थितीवर मात करणारा वीर वाटला. मला तो अडकलेला प्राणी वाटतो. त्याच्यावर प्रेम करण्यात गैर काही नाही, पण ‘पाहा, प्यूमा शहरातसुद्धा राहतो’ असा दाखला म्हणून तो वापरला जातो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. २०२२च्या नोव्हेंबरात त्याने पट्ट्याला बांधून फिरवायला आणलेलं छोटं कुत्रं मारलं. वय झालेलं, वजन उतरलेलं. डिसेंबरमध्ये त्याला पकडलं तेव्हा कवटीला मार होता, आणि त्याच सुमारास गाडीने प्यूमाला उडवल्याची खबरही आली होती. मूत्रपिंड आणि हृदय थकलेलं होतं. १७ डिसेंबरला त्याला वेदनारहित मरण देण्यात आलं. इतके रस्ते जिंकलेला प्राणी शेवटी गाडीनेच गाठला.

वाकडी शेपटी

मार्च २०२०मध्ये रांगेच्या पश्चिमेला पकडलेल्या पी-८१ या नराच्या शेपटीचं टोक काटकोनात वळलेलं होतं आणि एक वृषण खाली उतरलेलं नव्हतं. अभ्यासकांना ही जोडी ओळखीची होती. फ्लोरिडातल्या प्यूमांत, म्हणजे तिकडच्या ‘पँथर’मध्ये, १९९०च्या दशकात हीच लक्षणं होती. तेव्हा तिथे वीस-तीसच प्राणी उरले होते. १९९५मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या आणि ती जात सावरली.

सांता मोनिकाबद्दलचं भाकीत पी-८१ सापडण्याच्याही आधी, २०१६मध्ये, गणिताने मांडलं गेलं होतं. फक्त जन्म-मृत्यूचा हिशोब धरला तर ५० वर्षांत हे प्यूमा संपण्याची शक्यता साधारण १५ ते २२ टक्के. पण सगोत्र वीणीचे दुष्परिणाम फ्लोरिडासारखे सुरू झाले, तर ती ९९.७ टक्के. दोन आकड्यांतलं हे अंतर म्हणजेच बंद दाराची किंमत. पुढे तिथल्या आसपासच्या नरांच्या वीर्याची तपासणी झाली तेव्हा सरासरी ९३ टक्के शुक्राणू सदोष निघाले. पी-८१ स्वतः जानेवारी २०२३मध्ये किनाऱ्याच्या महामार्गावर गाडीखाली मेला.

रस्ता किती वेळा मधे येतो पाहा. पी-५४ ही मादी जून २०२२मध्ये गाडीखाली गेली. पोटात पूर्ण वाढलेली चार पिल्लं होती. तिची आई पी-२३ हीदेखील चार वर्षांपूर्वी त्याच भागातल्या रस्त्यावर मेली होती.

उपाय आणि त्यावरच्या शंका

माणसांची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. २०१६मध्ये पी-४५ने एका फार्मवर एका रात्रीत दहा अल्पाका (लोकरीसाठी पाळायची जनावरं) मारले. कुंपणात कोंडलेल्या जनावराला पळून जाता येत नाही, आणि समोरची धावपळ थांबेपर्यंत शिकाऱ्याची झडप थांबत नाही. हे समजावून सांगता येतं, पण सकाळी गोठ्यात जाणाऱ्याला त्याने धीर मिळत नाही. जानेवारी २०२०मध्ये पी-५६ला रीतसर परवान्याने मारलं गेलं. मालकाने कुंपण, राखणीचे कुत्रे, हालचालीवर लागणारे दिवे असं सगळं करून पाहिलं होतं. त्याला दोष देणं सोपं आहे; मी देणार नाही. पण जिथे प्रौढ नर एक-दोनच, तिथे एक परवाना म्हणजे निम्मे नर, हा हिशोबही खराच. रात्री जनावरं छप्पर असलेल्या बंदिस्त गोठ्यात घेणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

मोठा उपाय म्हणजे १०१वरचा वन्यजीव पूल. जागा अगोरा हिल्समधली लिबर्टी कॅन्यन, कारण फ्रीवेच्या दोन्ही बाजूंना संरक्षित रान समोरासमोर येतं ते इथेच. पी-१२ आला तोही याच परिसरातून. २२ एप्रिल २०२२ला भूमिपूजन झालं. सुमारे ६४ मीटर लांब, ५० मीटर रुंद, कडेला आवाज अडवणाऱ्या भिंती. सुरुवातीचा अंदाज नऊ कोटी डॉलर, पुढे तो अकरा कोटींपलीकडे गेला. मोठा वाटा खाजगी देणग्यांचा. २०२५च्या वसंतात पुलावर पहिली माती पडली.

बाहेरून प्यूमा आणून सोडणं स्वस्त पडलं असतं, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. फ्लोरिडाने ते करून दाखवलंच. पण ती सलाईन आहे. दर काही वर्षांनी लावत राहावी लागते, आणि आणलेला नर उतरतो त्याच गच्च घरात. दुसरी शंका जास्त बोचरी. कॅनडात बॅन्फच्या महामार्गावर दशकानुदशकं असे पूल आणि भुयारं आहेत. कुंपण आणि या वाटा मिळून तिथे प्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांनी घटले. पण तिथल्या प्यूमांनी रुंद, मोकळ्या पुलांपेक्षा अरुंद भुयारं पसंत केली. पी-६४ही मोरीतूनच जायचा. मग एवढा रुंद पूल कशाला?

त्याचं उत्तर प्यूमात नाही. २०१०मध्ये याच भागातल्या तीन जातींचे सरपटणारे प्राणी आणि ‘रेनटिट’ नावाचा एक छोटा पक्षी यांच्या जनुकांचा अभ्यास झाला होता. रस्ते आणि वस्ती यांनी तुटलेल्या रानाच्या तुकड्यांत तेही एकमेकांपासून दुरावत चालले होते. पक्ष्याला पंख असूनही. मोरीतून सरडा जात नाही. त्याला ऊन लागतं, पायाखाली माती आणि वर झुडूप लागतं. म्हणून पुलावर आसपासच्याच डोंगरातून गोळा केलेल्या बियांची रोपं लावायची ठरलं, मातीतल्या बुरशीपर्यंत विचार झाला. प्यूमाला तो पूल ओलांडायला एखादं मिनिट पुरेल. सरडा तिथे ओलांडायला येणार नाही, राहायला येईल. तो पुलावरच अंडी घालेल, पुलावरच मरेल, आणि पलीकडच्या डोंगरावर पोहोचतील ती त्याची नातवंडं-पतवंडं.